प्रत्येक वस्तीला जोडणारा अभियंता

पॅरिसच्या मोंपार्नास भागातील मोठ्या भूमिगत स्थानकाच्या नावात 'बियाँव्हेन्यू' असा शब्द आहे. फ्रेंच भाषेत या उच्चाराचा अर्थ होतो स्वागत. त्यामुळे परगावच्या प्रवाशाला ती पाहुण्यांसाठी लिहिलेली पाटी वाटते. वस्तुतः ते आडनाव आहे. पॅरिसच्या मेट्रोचे जनक फ्युलजाँस बियाँव्हेन्यू यांचे.

27 जानेवारी 1852 रोजी ब्रिटनी प्रांतातील उझेल या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. पॅरिसमध्ये अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेऊन ते सरकारी सेवेत रुजू झाले आणि रेल्वेमार्गांच्या बांधणीवर काम करू लागले. 1881 मध्ये अशाच एका कामावर झालेल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला. वय अवघे 29. मात्र त्यांनी कामाची जागा सोडली नाही. पुढील अर्धशतक ते एका हातानेच आराखडे हाताळत राहिले.

1886 पासून त्यांचे कार्यक्षेत्र पॅरिस झाले. शहराला दूरवरून पाणी आणणाऱ्या कालव्यांचे काम त्यांनी पाहिले. बेलव्हिलच्या चढावरील कामगार वस्तीपर्यंत जाणारी, दोराने ओढली जाणारी ट्राम 1891 मध्ये सुरू झाली, तिच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता. मोठ्या शहरात अंतर हे केवळ मैलांत मोजायचे नसते, गरिबाच्या पायपिटीतही मोजायचे असते, हे या ट्राममुळे स्पष्ट झाले होते.

त्या काळी पॅरिसची वस्ती 25 लाखांच्या पुढे गेली होती आणि रस्त्यांवर घोडागाड्यांची कोंडी होती. शहरात रेल्वे हवी याबद्दल फारसे दुमत नव्हते. ती कोणासाठी, यावरून मात्र वीस-पंचवीस वर्षे वाद चालला. शहराच्या कडेला असलेली मोठी रेल्वेस्थानके एकमेकांना जोडावीत आणि लांबच्या गाड्या शहराच्या पोटातून जाव्यात, असे सरकार व रेल्वे कंपन्यांचे म्हणणे होते. नगरपरिषदेला शहरातल्या शहरात फिरणाऱ्या नागरिकांसाठी स्वतंत्र व्यवस्था हवी होती. 1900 चे जागतिक प्रदर्शन जवळ आले, तेव्हा सरकारने नमते घेतले आणि 1895 मध्ये शहराचा अधिकार मान्य केला.

पुढच्याच वर्षी बियाँव्हेन्यू यांनी एडमंड ह्युए यांच्यासह तयार केलेली योजना नगरपरिषदेने स्वीकारली. 1898 च्या कायद्याने सहा मार्ग आणि सुमारे 65 किलोमीटरचे जाळे मंजूर झाले. एक मार्ग पूर्व-पश्चिम, एक उत्तर-दक्षिण आणि जुन्या जकातीच्या तटाच्या जागी झालेल्या रुंद रस्त्यांवरून फिरणारे वर्तुळ, असा त्याचा सांगाडा होता. शहरातील कोणत्याही घरापासून स्थानक चार-पाचशे मीटरपेक्षा दूर असू नये, हे सूत्र त्यामागे होते. रेल्वेचा विचार स्थानकापासून सुरू होतो. बियाँव्हेन्यू यांचा विचार प्रवाशाच्या दारापासून सुरू झाला. त्यांचे मोठेपण या फरकात आहे.

4 ऑक्टोबर 1898 रोजी काम सुरू झाले. खासगी इमारतींखालची जमीन टाळण्यासाठी बोगदे शक्यतो रस्त्यांखालूनच नेण्यात आले. म्हणून हे मार्ग आजही रस्त्याबरोबर वळणे घेतात. 19 जुलै 1900 रोजी पहिला मार्ग खुला झाला. दुसऱ्या वर्गाचे तिकीट 15 सांतीमचे होते आणि अंतर कितीही असो, दर तोच. सकाळी नऊपूर्वी निघणाऱ्यांना 20 सांतीममध्ये जाऊन-येऊन प्रवास करता येई. शहराच्या टोकाला राहणाऱ्या मजुरावर लांबच्या अंतराचा दंड बसत नव्हता. वर्षअखेरपर्यंत दीड कोटीहून अधिक प्रवाशांनी मेट्रोचा लाभ घेतला.

हे यश निर्वेध नव्हते. 10 ऑगस्ट 1903 रोजी लाकडी डब्यांना लागलेल्या आगीच्या धुराने कुरॉन स्थानकात आणि लगतच्या मार्गावर 84 जणांचे प्राण घेतले. दिवे विझल्याने अनेकांना बाहेर पडण्याची वाट सापडली नाही. त्यानंतर दिव्यांचा वीजपुरवठा गाड्यांच्या पुरवठ्यापासून वेगळा करण्यात आला. सेन नदीखालून चौथा मार्ग नेताना प्रचंड लोखंडी पेट्या पात्रात बुडवाव्या लागल्या आणि सें-मिशेलजवळची ओली माती थंड खारे पाणी फिरवून गोठवावी लागली. तो मार्ग जानेवारी 1910 मध्ये सुरू झाला आणि त्याच महिन्यातील महापुरात मेट्रोच्या बोगद्यांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर काम पुन्हा सुरू झाले.

त्यांच्या जाळ्याची एक मर्यादाही नोंदवायला हवी. लांबच्या गाड्या आत शिरू नयेत म्हणून शहराने बोगदे अरुंद ठेवले. डब्यांची रुंदी जेमतेम 2.40 मीटर होती. शहराचे हित त्यातून राखले गेले, पण वेशीबाहेरच्या उपनगरांतील कामगार दीर्घकाळ बाहेरच राहिला. मेट्रोने वेस ओलांडली ती 1934 मध्ये आणि उपनगरांना शहराच्या मध्याशी थेट जोडणारी वेगवान रेल्वे आकाराला यायला 1970 चे दशक उजाडले. सर्वांना जोडण्याच्या योजनेत 'सर्व' कोण, हे कोणीतरी ठरवतेच. पॅरिसमध्ये ती रेषा वेशीवर आखली गेली होती.

बियाँव्हेन्यू 1932 च्या अखेरीस, वयाच्या ऐंशीव्या वर्षी निवृत्त झाले. 1933 मध्ये एका स्थानकाला त्यांचे नाव त्यांच्याच उपस्थितीत देण्यात आले. 1942 मध्ये ते शेजारच्या मोंपार्नास स्थानकाशी जोडले गेले. 3 ऑगस्ट 1936 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मूळ योजनेतील जाळे आज कितीतरी विस्तारले आहे. तरीही पॅरिसमधील माणूस घराबाहेर पडल्यावर काही मिनिटांत मेट्रोच्या जिन्यापाशी पोहोचतो, तेव्हा त्याची ती चाल एका अभियंत्याने शतकाहून अधिक काळापूर्वी मोजून ठेवलेली असते.