उस्तादाचे मॉडेल बदलणारा शागिर्द : अर्नेस्ट रुदरफोर्ड

आठवीच्या विज्ञानात अणूचा धडा आला की एखादे मूल आम्हाला विचारतेच, सर, डाल्टनचे चुकले, थॉमसनचे चुकले, मग ते पाठ कशाला करायचे? फलटणमध्ये शिकवताना या प्रश्नाचे उत्तर आम्हाला एका माणसाच्या आयुष्यात सापडले. तो माणूस म्हणजे अर्नेस्ट रुदरफोर्ड.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजी न्यूझीलंडमधल्या नेल्सनजवळ झाला. बारा भावंडांत ते चौथे. वडील गाड्यांची चाके बनवत, शेती करत. आई लग्नाआधी शाळेत शिकवायची. ऐपत बेताची, म्हणून शिक्षण झाले ते स्कॉलरशिपवर. इंग्लंडला जायची स्कॉलरशिप तर आधी दुसऱ्यालाच मिळाली होती. त्याने ती नाकारली, तेव्हा ती यांच्या वाट्याला आली.

१८९५ मध्ये ते केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांचे शागिर्द झाले. डाल्टनच्या मते अणू म्हणजे न फुटणारी भरीव गोळी. १८९७ मध्ये थॉमसन यांनी अणूच्या आतला ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन शोधला. मग १९०४ मध्ये त्यांनी मांडले की धनप्रभार अणूभर पसरलेला असतो आणि इलेक्ट्रॉन त्यात बसलेले असतात, कलिंगडातल्या बिया जशा.

रुदरफोर्ड पुढे कॅनडाला आणि १९०७ मध्ये मँचेस्टरला गेले. १९०८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एवढा मान मिळाल्यावर माणूस थांबला असता तरी चालले असते. पण १९०९ मध्ये त्यांनी गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांना कामाला लावले. मिठाईवर लावतो तसा सोन्याचा पातळ वर्ख घेऊन त्यावर धनप्रभारित अल्फा कण सोडले. अंधारात बसून पडद्यावरचे बारीक चमकारे डोळ्यांनी मोजायचे, असे ते काम. उस्तादाचे मॉडेल बरोबर असते, तर सगळे कण जवळजवळ सरळ जायला हवे होते. बहुतेक गेलेही. पण हजारोंतला एखादा चक्क मागे फिरला!

१९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी निष्कर्ष मांडला. अणू बहुतांशी पोकळ, आणि धनप्रभार व जवळजवळ सगळे वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात. आम्ही मुलांना सांगतो, फलटणच्या एसटी स्टँडवर हरभऱ्याचा दाणा ठेवला, तर अणूची कड साधारण अर्ध्या किलोमीटरवर येईल.

पण त्यांच्या मॉडेलमध्येही खोट होती. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकात पडायला हवा, मग अणू टिकतो कसा? त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या नील्स बोर या तरुणाने १९१३ मध्ये उत्तर दिले : इलेक्ट्रॉन ठरलेल्या कक्षांतच फिरतात आणि तिथे ऊर्जा गमावत नाहीत. आपले मॉडेल बदलणारा हा लेख छापायला पाठवला कोणी? खुद्द रुदरफोर्ड यांनी.

१९१९ मध्ये ते केंब्रिजला थॉमसन यांच्याच जागेवर आले. आपले होमी भाभा मुंबईहून तिथे शिकायला गेले, तेव्हा त्या प्रयोगशाळेचे प्रमुख रुदरफोर्डच होते. १९ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांची रक्षा ठेवली आहे. पुढे थॉमसन यांनाही तिथेच जागा मिळाली.

म्हणून आम्ही मुलांना चारही मॉडेल शिकवतो. थॉमसन नसते तर रुदरफोर्ड यांनी तपासले काय असते? पालकांना एकच विनंती. घरात मुलाने उलटा प्रश्न विचारला, तर त्याला बेअदबी समजून गप्प करू नका.