विश्लेषण : खेड तालुक्यात जन्मलेल्या महर्षी कर्वेंनी मुलींच्या पदवीत आहार आणि आरोग्याचे धडे का आणले?

घरात कुणाला ताप आला, बाळाला जुलाब सुरू झाले किंवा बाळंतिणीला काय खायला द्यायचे असा प्रश्न पडला, तर पहिला निर्णय डॉक्टर घेत नाही. तो घरातली बाई घेते. त्या बाईला आहार, स्वच्छता आणि शुश्रूषा यांचे शास्त्रीय शिक्षण मिळायला हवे, हा विचार आज साधा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र मुलींनी शाळेत जावे का, यावरच वाद होता. त्या काळात हे विषय थेट विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आणणारे धोंडो केशव कर्वे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जन्मले होते. त्यांचे आयुष्य आणि त्यांनी निवडलेली शिक्षणाची वाट समजून घेऊ.

कर्वे आणि खेड यांचे नाते काय?

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली या गावी झाला. कर्वे कुटुंब दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यामुळे त्यांचे बालपण मुरूडला गेले आणि ओळखही मुरूडकर अशीच राहिली. घरची स्थिती बेताची होती. त्या काळी या भागातल्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी आणि परीक्षांसाठी दूरच्या गावी जावे लागे.

१८७५ मध्ये परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला निघाले. कुंभार्ली घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट तुडवून ते पोहोचले. तिथे वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. शिक्षणाची सोय घराजवळ नसेल तर त्याची किंमत कोण मोजतो, हे त्यांनी असे स्वतः अनुभवले.

१८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून गणित घेऊन बी. ए. झाले. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. ही नोकरी त्यांनी १९१४ पर्यंत केली.

विधवांच्या प्रश्नाकडे ते कसे वळले?

१८९१ मध्येच त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे ऐन तारुण्यात निधन झाले. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिशी ओलांडलेल्या विधुराने दहा-बारा वर्षांच्या मुलीशी लग्न करणे सहज चालून गेले असते. कर्वे यांनी ते नाकारले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई म्हणजे त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण आणि पंडिता रमाबाई यांच्या शारदा सदनातली विद्यार्थिनी. पुढे त्या आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या लग्नानंतर मुरूडकरांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार टाकला.

इथे आरोग्याचा एक मुद्दा येतो, जो सहसा सुटून जातो. उच्चवर्णीय घरातल्या विधवेला केशवपन, एकवेळचे जेवण आणि सततचे उपासतापास सक्तीचे होते. कुणाची बाळंतपणे काढणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, काढे उकळणे ही कामेही बहुधा तिच्याच वाट्याला येत. म्हणजे घरातली शुश्रूषा जिच्या हाती होती, तिलाच पोटभर अन्न नव्हते आणि त्या कामाचे शिक्षणही नव्हते.

हिंगण्याचा आश्रम आणि प्लेग

१४ जून १८९६ रोजी कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. विधवांना आणि निराधार मुलींना आसरा द्यायचा आणि शिकवून स्वतःच्या पायावर उभे करायचे, हा त्यामागचा हेतू होता.

त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये पुण्यात त्याने थैमान घातले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी मृत्यू झाला. लस होती, पण नवी होती. वाल्डेमार हाफकिन यांनी ती मुंबईत त्याच वर्षी तयार केली होती. बाकी उपाय म्हणजे घर सोडून मोकळ्या जागी जाणे, उंदरांपासून दूर राहणे आणि रुग्णाला वेगळे ठेवणे. सरकारी पथके सक्तीने घरे तपासत होती, लोक घाबरून रुग्ण लपवत होते. रोग कसा पसरतो हे लोकांना समजावल्याशिवाय केवळ सक्तीने साथ आटोक्यात येत नाही, हा धडा पुण्याने तेव्हा घेतला.

गर्दीच्या शहरातून आश्रम बाहेर नेण्यामागे प्लेग हेही एक कारण होते. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे इथे सहा एकर जागा आणि झोपडी बांधायला पैसे दिले. १९०० मध्ये आश्रम तिथे गेला. हिंगणे पुण्यापासून सुमारे चार मैल होते आणि धड रस्ता नव्हता. कॉलेजचे तास संपले की कर्वे सामान घेऊन हिंगण्याला चालत जात आणि मुलींना शिकवत. हा क्रम काही वर्षे चालला.

१९०७ मध्ये त्यांनी महिला विद्यालय सुरू केले, म्हणजे विधवांसोबत इतर मुलींसाठीही दार उघडले. पुण्यात याच सुमारास, १९०९ मध्ये, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. तिथे स्त्रियांना परिचारिका होण्याचे शिक्षण मिळण्याची सोय झाली आणि त्यासाठी ससून रुग्णालयाची जोड मिळाली. परक्या रुग्णाला हात लावणे कमीपणाचे मानणाऱ्या समाजात घरातल्या सेवेचा पगारी, शिकून करायचा व्यवसाय होत होता.

जपानचे पुस्तक आणि महिला विद्यापीठ

कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली. जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत सुरुवातीपासून जे विभाग होते, त्यात गृहशास्त्राचा विभाग होता. १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून कर्वे यांनी भारतात असेच विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली. १९१६ मध्ये ते पुण्यात सुरू झाले. पहिल्या वर्षी कॉलेजात विद्यार्थिनी होत्या अवघ्या चार-पाच.

या विद्यापीठाची दोन वैशिष्ट्ये आरोग्याशी थेट जोडलेली होती.

पहिले, शिक्षण मातृभाषेतून. इंग्रजी हा विषय होता, पण बाकीचे विषय मुलीला घरी बोलत असलेल्या भाषेत शिकायचे. पाणी उकळून का प्यावे किंवा देवीची लस का टोचून घ्यावी, हे इंग्रजीत पाठ केलेले ज्ञान स्वयंपाकघरात आणि शेजारणीपर्यंत पोहोचत नाही. मराठीत शिकलेली मुलगी तेच आईला, सासूला, जावेला सांगू शकते.

दुसरे, विषयांची निवड. भाषा, इतिहास, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या बरोबरीने गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले. तोवर आजीने आईला आणि आईने मुलीला दिलेले ज्ञान आता परीक्षेच्या विषयात बसले. या विद्यापीठाच्या पदव्यांची नावेही वेगळी होती : गृहीतागमा आणि प्रदेयागमा. पैकी पहिली बी. ए.च्या तोडीची मानली जाई.

मग विरोध कशाला होता?

विरोध दोन बाजूंनी होता. सनातनी मंडळींना मुलींचे उच्च शिक्षणच नको होते. दुसरीकडे सुधारकांपैकी काहींना वेगळा अभ्यासक्रम खटकत होता. मुलग्यांना गणित-विज्ञान आणि मुलींना स्वयंपाक-बालसंगोपन अशी वाटणी झाली, तर शिकलेली मुलगीही चुलीपाशीच राहील, अशी त्यांची शंका होती.

ही शंका चुकीची नव्हती. आहार आणि शुश्रूषा ही फक्त बाईची जबाबदारी, हे गृहीत धरूनच हा अभ्यासक्रम आखला गेला होता. मात्र कर्वे यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. १९०१ च्या जनगणनेत भारतातल्या स्त्रियांची साक्षरता एक टक्क्याहूनही कमी होती. बालविवाह, लागोपाठची बाळंतपणे आणि साथीचे रोग यांच्या कचाट्यात सापडलेल्या बाईला त्याच आयुष्यात उपयोगी पडेल असे शिक्षण आधी द्यायचे आणि तिथून पुढची वाट उघडायची, असा त्यांचा हिशेब होता.

याची किंमत विद्यार्थिनींनीही मोजली. सरकारने या पदवीला दीर्घकाळ मान्यता दिली नाही. १९१६ ते १९५१, म्हणजे ३५ वर्षे, सरकारदरबारी न चालणारी पदवी घेण्यासाठी मुली इथे येत राहिल्या. पैशांची अडचण सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीने सुटली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच आजचे एसएनडीटी. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला हलले आणि १९५१ मध्ये विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला.

रघुनाथ कर्वे यांनी काय वेगळे केले?

महिला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहार होता, स्वच्छता होती. पण मुले किती व्हावीत, दोन बाळंतपणांत अंतर किती असावे आणि लैंगिक रोग कसे टाळावेत, यावर समाजात कुणी बोलत नव्हते. ते काम थोरल्या मुलाने केले.

रघुनाथ धोंडो कर्वे हेही गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कामामुळे त्यांना १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली होती.

दोघांचे मार्ग वेगळे होते. वडील देणग्या मागत, लोकांना जोडत संस्था उभ्या करत राहिले. मुलगा एकटा लिहीत राहिला. पण आजार झाल्यावर उपचार करण्याआधी माहिती द्यायची, हे सूत्र दोघांच्या कामात सारखेच दिसते.

आईच्या शिक्षणाचा मुलांच्या आरोग्याशी खरेच संबंध आहे का?

कर्वे यांच्या काळात हा अनुभवावर आधारलेला विश्वास होता. त्याला आकडेवारीचा आधार नंतर मिळाला. ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन काल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियातल्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकलेल्या आईची मुले जगण्याची शक्यता जास्त असते आणि हा फरक केवळ घरच्या पैशांमुळे पडत नाही, असे त्यांना आढळले.

त्याची कारणे तीन पातळ्यांवर सांगता येतात.

* आहार : कोणत्या वयात बाळाला वरचे अन्न सुरू करायचे, गरोदरपणात कोणते अन्न टाळायचे नाही, हे शिकलेली आई ऐकीव समजुतींवर सोडत नाही. घरातल्या ताटात आपला आणि मुलीचा वाटा मागण्याचे बळही तिला शिक्षणाने मिळते.
* रोगप्रतिबंध : लस, स्वच्छ पाणी, हात धुणे यामागचे कारण कळले, तर ती गोष्ट सवयीची होते. कारण न कळता केलेली सक्ती साथ ओसरली की संपते.
* शुश्रूषा : जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडायचे नसते, उलट मीठ-साखरेचे पाणी देत राहायचे असते. धोक्याची लक्षणे ओळखणे, औषधाचा डोस पूर्ण करणे आणि डॉक्टरला प्रश्न विचारणे हे सारे यात येते.

शेवटची वर्षे आणि आजचा वारसा

पुण्या-मुंबईत संस्था उभ्या राहिल्यावरही कर्वे खेड्यांकडे वळले. १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या गावांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि त्यासाठी दारोदार वर्गणी मागितली. १९४४ मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापन केला. १९५० मध्ये आनंदीबाईंचे निधन झाले. १९५५ मध्ये कर्वे यांना पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण होत असताना, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते १०४ वर्षांचे होते.

त्यांच्या मागे हे विषय वाढत गेले. एसएनडीटीच्या जुहू इथल्या गृहविज्ञान महाविद्यालयात आज आहारशास्त्र शिकवले जाते आणि तिथून शिकलेल्या आहारतज्ज्ञ रुग्णालयांत काम करतात. १९६४ मध्ये याच विद्यापीठाने मुंबईत लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय सुरू केले. हिंगण्याचा परिसर आता कर्वेनगर झाला आहे आणि तिथल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेतही परिचर्येचे पदवी शिक्षण मिळते. एकेकाळी विधवेवर लादलेले आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचे काम तिथे आता पदवी, नोंदणी आणि पगार असलेला व्यवसाय म्हणून शिकवले जाते.

काम अजून संपलेले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या स्त्रियांची साक्षरता सुमारे ६५ टक्के होती. म्हणजे दर तीन स्त्रियांमागे एकीला औषधाच्या पाकिटावरची तारीख किंवा लसीकरणाचे कार्ड स्वतः वाचता येत नव्हते. शिवाय आहार आणि शुश्रूषेचे धडे मुलांनीही गिरवायला हवेत, हा शंभर वर्षांपूर्वी निसटलेला मुद्दा आहे. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका गावोगावी हेच धडे मराठीतून देतात, पण ऐकायला समोर बसलेल्यांत पुरुष क्वचितच असतात.