Explained : कड्यावरचं दुर्मीळ फूल आणि ते शोधणारा कस्टम्स अधिकारी

नेरे (पनवेल) : पावसाळा लागला की नेरे-धोदाणीमार्गे माथेरानकडे जाणाऱ्या ट्रेकर्सची गर्दी वाढते. कड्याच्या कपारीत उगवलेलं एखादं फूल फोटोसाठी सहज खुडलं जातं. पण सह्याद्रीत अशीही फुलं आहेत, जी जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. शिंदळ माकुडी हे त्यांपैकीच एक. त्याची शास्त्रीय नोंद करणारे निकोल डालझेल कोण होते, ते जाणून घेऊया.

कोण होते डालझेल?

जन्म १८१७, एडिंबरा. १८४१ मध्ये ते मुंबईत आले आणि कस्टम्स खात्यात नोकरीला लागले. वनस्पतींचा अभ्यास हा त्यांचा छंद. नोकरी सांभाळून ते कोकण आणि घाटमाथ्यावरची झाडं गोळा करत, त्यांची वर्णनं लिहीत. कोकणच्या सड्यांवर पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारी पांढरी दीपकाडीही त्यांनीच १८५० मध्ये विज्ञानजगतासमोर आणली.

पुढे काय केलं?

१८६१ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांच्यासोबत त्यांनी 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा हा पहिला मोठा आधारग्रंथ ठरला. १८६२ मध्ये गिब्सन यांच्यानंतर डालझेल इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जंगलांचा हवामानावर होणारा परिणाम त्यांनी १८६३ मध्येच लिहून ठेवला. मात्र तो काळ रेल्वेचा होता. लाकडाची मागणी प्रचंड होती आणि ती पुरवण्याची जबाबदारीही वनखात्यावरच होती.

शिंदळ माकुडी कुठे सापडली?

जुन्नर परिसरातील डोंगरात. डालझेल यांनी तिला 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिलं, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. आता तिची गणना कंदीलपुष्पांच्या 'सेरोपेजिया' प्रजातीत होते.

ही वनस्पती खास का?

खोड मांसल, पाणी साठवणारं. उन्हाळ्यात पानं गळतात, पावसात पुन्हा फुटतात. फूल गडद तांबडं, त्यावर पिवळे ठिपके. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणच्या उभ्या कड्यांवर ती आढळते. आययूसीएनने एकेकाळी तिचा समावेश जगातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या १२ वनस्पतींमध्ये केला होता. वणवे, चराई आणि संग्राहकांची हाव हे तिच्यासमोरचे धोके.

मग ती वाचली कशी?

गुरं आणि माणसं सहज पोहोचत नाहीत, अशा जागी ती उगवते. शिवाय खोडाच्या तुकड्यापासून तिचं रोप तयार होतं. त्यामुळे वनस्पती उद्यानांमध्ये ती जपता आली. पण कुंडीतलं रोप म्हणजे कड्यावरची वसाहत नव्हे. तिथे कीटक आहेत, परागीभवन आहे, बिया पडून नवी रोपं येतात.

आजच्यासाठी धडा काय?

डालझेल १८७० मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतले. त्यांनी नाव आणि ठिकाण नोंदवून ठेवलं, म्हणूनच पुढच्या पिढ्यांना काय शोधायचं आणि काय राखायचं हे कळलं. नेऱ्याच्या डोंगरात अनोळखी फूल दिसलं, तर फोटो जरूर काढा. मात्र फूल खुडू नका, कंद उपटू नका. आणि दुर्मीळ फुलाचं नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका. ते अभ्यासकांना किंवा वनविभागाला कळवा.