डिक्सी डीन यांचे नऊ सामने

इंग्लंडचे फुटबॉलपटू डिक्सी डीन यांचे नाव 60 गोलांसाठी घेतले जाते. एव्हर्टन संघाकडून 1927-28 च्या एकाच लीग हंगामात, 39 सामन्यांत, त्यांनी ते केले. त्याआधी 1926 मध्ये मोटारसायकल अपघातात त्यांची कवटी फुटली होती, हे विशेष!

आम्हाला मात्र त्यांचे 1938 साल जास्त आठवते. मार्चमध्ये एव्हर्टनने त्यांना तिसऱ्या श्रेणीतील नॉट्स काउंटीला देऊन टाकले. वय 31, शरीर दुखापतींनी थकलेले. तिथे लीगचे जेमतेम 9 सामने, 3 गोल. लोक हे हिशेबात धरत नाहीत, आम्ही धरतो. एवढा मोठा खेळाडू लहान संघातही मैदानात उतरला. 1939 मध्ये तर ते आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडूनही खेळले.

1 मार्च 1980 रोजी एव्हर्टन-लिव्हरपूल सामन्याला आले असता, गुडिसन पार्क या आपल्या जुन्या मैदानावरच त्यांचे निधन झाले.