नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत एका हिंदू नरेशाचे चरित्र का, असे कोणी पुसेल. १८९५ साली जन्मलेले दिग्विजयसिंहजी १९३३ मध्ये आपले चुलते, विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी, यांच्या मागून गादीवर आले. त्यांच्या राजकारणाविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते बालाचडीविषयी.

महायुद्धात सोव्हिएट रशियाने हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांतील मुले, बहुतेक पोरकी, १९४२ साली अश्काबादहून मशहद व क्वेट्टा या मार्गाने हिंदुस्थानात आली. पहिल्या तुकडीचा मुक्काम काही महिने आपल्या वांद्र्यासच होता. तोवर जामसाहेबांनी समुद्रकाठी, आपल्या उन्हाळी वाड्यानजीक, वसाहत उभारविली. बराकी, इस्पितळ, शाळा सर्व होतेच. परंतु शिक्षण पोलिश भाषेत, मिस्सेसाठी प्रार्थनामंदिर, आणि छावणीचे प्रमुख त्यांचेच धर्मगुरू फादर प्लुटा! मुलांची नृत्ये व नाटके पाहावयास महाराज जातीने येत. ते स्वतःस त्यांचे बापू म्हणवीत, पण त्या लेकरांची श्रद्धा वा भाषा बदलावी असे त्यांच्या मनात आले नाही. आम्हांस हेच सर्वांत थोर वाटते.

युद्ध सरले, तशी मुलांस रशियाच्या वर्चस्वाखालील पोलंडात धाडण्याची मागणी झाली. तेव्हा अनाथांना दत्तक घेणाऱ्यांत फादरांसह जामसाहेबही होते. १९४६ मध्ये छावणी मोडल्यावर उरलेली मुले कोल्हापूरजवळील वळिवडे येथे गेली. तेथील पोलिश छावणी १९४८ पर्यंत चालली.

जामसाहेब १९६६ साली निवर्तले. पुढे १९९९ मध्ये वॉर्सातील एका शाळेस त्यांचे नाव देण्यात आले.