संतशिरोमणी श्री सावता महाराज : जीवनचरित्र

पंढरीची वारी हा वारकरी संप्रदायाचा प्राण होय. त्याच संप्रदायात मानाचे स्थान लाभलेले श्री संत सावता महाराज मात्र वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. त्यांनी आपला मळा सोडला नाही आणि विठ्ठलाचे नामही सोडले नाही. श्रीक्षेत्र अरण येथे समाधीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांना या गोष्टीचे नवल वाटते, म्हणून येथे महाराजांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील अरण या गावी शके ११७२, म्हणजे इ.स. १२५० मध्ये महाराजांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा दैवू माळी हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते. पिता परसोबा आणि माता नांगिताबाई हे दांपत्यही सात्त्विक व भाविक होते. शेती आणि हरिभक्ती ही दोन्ही धने महाराजांना घराण्यातूनच लाभली. देवगिरीवर त्या वेळी यादवांची सत्ता होती. संत नामदेव महाराजांचा जन्म इ.स. १२७० चा आणि श्री ज्ञानेश्वर माउलींचा १२७५ चा. म्हणजे या संतमेळ्यात सावता महाराज वयाने वडील होते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

जातीने माळी असल्यामुळे फुले, फळे आणि भाजीपाला पिकविणे हा त्यांचा कुळधर्म होता. माढ्याचा हा परिसर कमी पावसाचा. येथील बागाईत विहिरीच्या पाण्यावर जगते. त्या काळी बैलांच्या बळावर मोट ओढून पाणी वर काढायचे, पाटाने ते वाफ्यावाफ्यात खेळवायचे, दारे धरायची, तण खुरपून काढायचे, असा माळ्याचा दिवस पहाटेपासून सांजवेळेपर्यंत चाले. पाण्याची एक पाळी चुकली की कोवळी रोपे माना टाकतात. ज्यांनी भाजीचा मळा केला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

वारीचा काळही नेमका शेतकऱ्याच्या धावपळीचा. आषाढी एकादशी येते ती मृगाच्या पावसानंतर पेरण्यांची घाई चालू असताना, आणि कार्तिकी येते ती रब्बीचे पीक हाताशी धरण्याच्या दिवसांत. घरात माणसे पुष्कळ असली तर एखाद्याला निघता येते. एकट्या-दुकट्याचा मळा मात्र ओस पडतो. पंढरपूर अरणहून दूर नाही, तरीही हातातले काम अर्धवट टाकून देवदर्शनास जावे काय, हा प्रश्न महाराजांपुढे उभा होता. वारी त्यांना नकोशी होती असे कोणी समजू नये. वारकऱ्याच्याच घरात ते वाढले होते. परंतु ज्या मातीने पोसले तिची सेवा हीच विठ्ठलाची पूजा, असा निर्णय त्यांनी आपल्यापुरता केला आणि तो शेवटपर्यंत पाळला.

महाराजांचे जे अभंग आज उपलब्ध आहेत, त्यांची संख्या अवघी ३७ आहे. ते लिहून ठेवण्याचे श्रेय काशीबा गुरव यांना दिले जाते. काशीबांनी हे काम केले नसते, तर मळ्यात उमटलेली ती वाणी मळ्यातच विरून गेली असती. या अभंगांची भाषा पंडितांची नाही. रोज हाताखालून जाणारा भाजीपाला, विहीर, मोट आणि तिचा दोर यांतच त्यांना पांडुरंग दिसतो. आणखी एक गोष्ट विशेष लक्ष वेधून घेते. आपण तथाकथित हीन जातीत जन्मलो याबद्दल महाराज खंत करीत नाहीत, उलट देवाचे आभार मानतात. थोर कुळात जन्म मिळाला असता तर कर्मकांडाचा आणि मोठेपणाचा भार डोक्यावर बसला असता, अशी त्यांची धारणा होती. योगयाग, जपतप, व्रतवैकल्ये यांवाचूनही नामस्मरणाने देव भेटतो, हे त्यांनी ठामपणे सांगितले. सातशे वर्षांपूर्वीच्या समाजात एका माळ्याने असे बोलणे ही लहान गोष्ट नव्हती.

महाराजांचा प्रपंच चारचौघांसारखाच होता. भेंड गावच्या जनाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांना विठ्ठल व नागाताई ही दोन अपत्ये झाली. एकदा जनाबाईंच्या माहेरची मंडळी घरी आली असता महाराज भजनात रंगून गेले आणि पाहुण्यांकडे त्यांचे लक्षच राहिले नाही. जनाबाई संतापल्या. महाराजांनी न रागावता गोड शब्दांनी त्यांची समजूत काढली, अशी आठवण परंपरेने जपली आहे. संतांच्या घरीही रुसवेफुगवे होते, हे त्यावरून कळते; आणि आमच्या मते, जनाबाईंचा राग अगदीच अस्थानी नव्हता.

महाराजांच्या जीवनातील सर्वांत प्रसिद्ध कथा विठ्ठलभेटीची आहे. संतकवी महिपतींनी 'भक्तविजय' या ग्रंथात ती वर्णिली आहे. हातापायांनी अधू असलेले भक्त कूर्मदास वारीच्या ओढीने सरपटत निघाले आणि लऊळ येथे येऊन थांबले. त्यांच्या भेटीसाठी पांडुरंग ज्ञानदेव व नामदेव यांना घेऊन निघाले. वाटेत अरण आले. त्या दोघांना मागे ठेवून देव एकटेच सावतोबांच्या मळ्यात शिरले आणि मला लपव, अशी विनवणी करू लागले. देवाला लपवायचे कोठे? सावतोबांनी हातातील खुरप्याने आपले उदर चिरले आणि देवाला आत ठेवले. इकडे नामदेव देवाच्या शोधात व्याकूळ झाले. अखेर त्यांची तळमळ पाहून देव प्रकट झाले. ही कथा अक्षरशः घ्यावी की भावार्थाने, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपवावे. खुरपे हे मळ्यातले नित्याचे अवजार. त्याच अवजाराने देवाला हृदयात जागा करून दिली, असे कथेने सांगावे, हे मोठे अर्थपूर्ण आहे.

आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७, म्हणजे इ.स. १२९५ मध्ये महाराजांनी अरण येथेच देह ठेवला. त्यांचे वय त्या वेळी ४५ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीस समाधी घेतली. ज्या मळ्यात महाराजांचे आयुष्य गेले, त्या अरणच्या भूमीतच त्यांचे समाधिमंदिर आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरून येणाऱ्या भाविकांना, तसेच कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील मोडनिंब स्थानकावर उतरणाऱ्यांना, हे स्थान जवळ पडते.

आषाढीला ठिकठिकाणच्या संतांच्या पालख्या पंढरीस जातात. अरणची रीत याच्या उलट आहे. एकादशीचा सोहळा आटोपल्यावर महाराजांच्या पुण्यतिथीस प्रत्यक्ष पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. या उत्सवात कीर्तने होतात, महाप्रसाद होतो आणि श्रीफळहंडीचा सोहळा रंगतो. त्या दिवसांत आजूबाजूच्या शेतांत खुरपणी चालू असते. पुष्कळ शेतकरी बांधव सकाळचे काम आटोपून, पायांची माती धुऊन, पालखीच्या दर्शनाला येतात आणि दर्शन झाले की आपल्या रानाकडे परततात.