माल कधी येणार? अर्थात हॅरी ब्रिअर्लीची गोष्ट

मेसमधलं ताट, वाटी, पाण्याचा जग, सगळं स्टेनलेसचं. मेसच्या आमटीवर आपण तासन् तास बोलू शकतो, पण ती ज्या वाटीत येते त्या वाटीचं पोलाद कुणी शोधलं असं विचारलं तर बहुतेक जण छताकडे बघतील. मटेरिअल सायन्सच्या पुस्तकात त्या माणसाला जेमतेम एक ओळ मिळते. त्याचं नाव हॅरी ब्रिअर्ली.

माझी त्यांच्याशी ओळख मात्र अभ्यासातून नाही, खरेदीतून झाली. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये शाफ्टसाठी ४२० ग्रेडचा स्टेनलेस राउंड बार हवा होता. व्यास ४२ मिमी, लांबी दीड मीटर. ग्रुपमध्ये खरेदीचं काम माझ्याकडे. एक डीलर म्हणाला दोन दिवसांत देतो, दुसरा म्हणाला तीन आठवडे, तिसऱ्याने सरळ दहा आठवडे सांगितले. वस्तू तीच, आणि इकडे व्हायवाची तारीख नोटीस बोर्डावर लागलेली! कुणीतरी थापा मारतोय यावर रूममध्ये सगळ्यांचं एकमत झालं. त्याच सुमारास लायब्ररीत ब्रिअर्लींबद्दल वाचायला लागलो आणि हळूहळू लक्षात आलं, की तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात. ते कसं, हे ब्रिअर्लींच्या आयुष्यातूनच सांगितलेलं बरं.

हॅरीचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. शेफील्ड म्हणजे सुऱ्या, कात्र्या आणि कानशींचं गाव. वडील थॉमस फर्थ अँड सन्स या कारखान्यात मुशीच्या भट्टीवर कामाला होते. घरची गरिबी, खाणारी तोंडं भरपूर. तेव्हा चांगलं पोलाद मुशीत व्हायचं. पायाने माती तुडवून मूस बनवायची, तिच्यात लोखंड भरायचं, कोकच्या खड्ड्यात तीन-चार तास तापवायची आणि दोन माणसांच्या जोरावर उचलून ओतायची. एका मुशीत साधारण पंचवीस किलो माल. मोठी लगड हवी असेल तर कितीतरी मुशी एकामागोमाग एक ओताव्या लागत, मध्ये खंड पडून चालायचं नाही. पोलादाला वेळ का लागतो, हे त्या पोराने पुस्तकात वाचायच्या आधी बापाच्या घामात पाहिलं होतं.

बाराव्या वर्षी शाळा सुटली. हॅरी फर्थमध्येच लागला आणि लवकरच तिथल्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा पोऱ्या झाला. जेम्स टेलर नावाचे तिथले केमिस्ट भले गृहस्थ होते. त्यांनी पोरातली चमक ओळखली आणि त्याला गणित-रसायन शिकवलं. बाकीचं शिक्षण रात्रीच्या वर्गात. पुढे याच माणसाने पोलाद कारखान्यातल्या मालाच्या रासायनिक पृथक्करणावर एका सहलेखकाबरोबर पुस्तक लिहिलं, १९०२ मध्ये. डिग्रीचा कागद जवळ नव्हता. आपण आठ सेमिस्टरं काढून टायट्रेशनचा एंड पॉइंट शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवतो, असो!

१९०४ मध्ये ते रशियन साम्राज्यातल्या रीगा शहरात, फर्थच्या तिथल्या कारखान्यात गेले. तिथून परतल्यावर १९०८ मध्ये फर्थ आणि जॉन ब्राउन या दोन कंपन्यांनी मिळून काढलेली ब्राउन-फर्थ संशोधन प्रयोगशाळा त्यांच्या हाती आली. बाटल्या धुणारा पोऱ्या लॅबचा प्रमुख झाला.

आता मुख्य भाग. १९१२ मध्ये बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात ही तक्रार त्यांच्याकडे आली. नळीत गोळी सुटताना तापलेला वायू पोलाद खातो. ब्रिअर्लींना वाटलं, क्रोमियम जास्त असलेलं पोलाद उच्च तापमानाला वितळतं, ते टिकेल. म्हणजे त्यांना हवं होतं झीज न होणारं पोलाद. गंजाचा विषय डोक्यात नव्हताच. मुशीत केलेले पहिले प्रयत्न फसले. मग विजेच्या भट्टीत, ऑगस्ट १९१३ मध्ये, जमलं: क्रोमियम १२.८ टक्के, कार्बन ०.२४ टक्के. आजच्या कॅटलॉगमध्ये याच्या सर्वात जवळ बसतं ते आपलं ४२० ग्रेड. तक्रार येण्यापासून मनासारखी लगड हातात येईपर्यंत वर्षभराहून जास्त काळ गेला, आणि हे सगळं स्वतःचा कारखाना पाठीशी असताना.

कचऱ्याच्या ढिगात एक तुकडा चकाकताना दिसला आणि शोध लागला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला ती पटत नाही. मायक्रोस्कोपखाली कण बघायचे तर नमुना ॲसिडने एच करावा लागतो, हे आपण मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलला करतोच. ब्रिअर्लींच्या नमुन्यावर ॲसिड चढेचना. त्यांनी व्हिनेगर लावून पाहिलं, लिंबाचा रस लावून पाहिला, तरी डाग नाही. दुसरा कुणी नमुना खराब म्हणून बाजूला टाकता. त्यांना मात्र शेफील्डच्या जेवणाच्या सुऱ्या आठवल्या, ज्या प्रत्येक जेवणानंतर घासून-पुसून ठेवाव्या लागत.

(न्यायाने सांगायला हवं, की याच सुमारास जर्मनीत क्रुपमध्ये स्ट्राउस आणि माउरर यांनी निकेल-क्रोमियमचं पोलाद केलं होतं, आणि अमेरिकेत एलवूड हेन्सही याच मार्गावर होते. आपली मेसची वाटी वंशाने क्रुपच्या पोलादाच्या जवळची. पण सुरीवाले पोलाद ब्रिअर्लींचंच.)

खरी परीक्षा पुढे होती. फर्थच्या साहेबांना सुऱ्यांमध्ये रस नव्हता. सुरीवाल्यांना नमुने दिले, तर त्यांनी तक्रारी करून परत पाठवले: घडवायला कठीण, साचे खराब होतात, धार राहत नाही. गावात ब्रिअर्लींची न कापणाऱ्या सुऱ्यांचा कारागीर अशी टिंगल झाली. चूक पोलादाची नव्हती. साधं कार्बन पोलाद सुरीवाले पावणेआठशे-आठशे अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचे. हे नवं पोलाद तेवढ्यावर कडक होतच नाही, त्याला हजार अंशांच्या आसपास न्यावं लागतं. उलट घडवून झाल्यावर नुसतं हवेत ठेवलं तरी ते आपोआप कडक होऊन बसतं, मग त्यावर कानसही चालत नाही. मऊ करायचं तर भट्टीत पुन्हा तापवून अगदी सावकाश थंड करावं लागतं.

मित्रांनो, माझ्या दहा आठवड्यांचं उत्तर इथे सापडलं. आजही तो बार त्याच धातूचा आणि त्याच स्वभावाचा आहे. विजेच्या भट्टीत स्क्रॅप वितळवून, कार्बन कमी करून माल ओतायला काही तासच लागतात. पण मिल एका दीड मीटरसाठी भट्टी पेटवत नाही. त्या ग्रेडच्या पुरेशा ऑर्डरी जमल्या की एक हीट लागते. मग रोलिंगची पाळी. रोल बदलायला वेळ जातो म्हणून मिल एका साइझचा सगळा माल एकदमच काढते, आपला व्यास आला नाही तर पुढच्या फेरीची वाट बघायची. त्यानंतर अनीलिंग. ४२० सारख्या ग्रेडला भट्टीतच सावकाश उतरवायचं म्हणजे भट्टी अडकून पडते. मग बार सरळ करणं, वरची काळी साल सोलणं, गरज असेल तर ग्राइंडिंग, अल्ट्रासॉनिक तपासणी, हीट नंबर टाकून टेस्ट सर्टिफिकेट, आणि शेवटी ट्रक. प्रत्यक्ष काम मोजलं तर थोड्या दिवसांचं भरेल. बाकीचे आठवडे धातू रांगेत उभा असतो, आपल्या मेसच्या रांगेसारखा.

म्हणजे दहा आठवडे सांगणारा मिलच्या रांगेबद्दल बोलत होता. तीन आठवडेवाला दुसऱ्या गावातल्या स्टॉकिस्टकडून काळा बार आणून, सोलून, कापून देणार होता. आणि दोन दिवसवाल्याच्या गाळ्यात बार पडूनच होता, फक्त ४५ मिमीचा! आम्ही तोच घेतला आणि वर्कशॉपमध्ये लेथवर ४२ ला आणला. पैसे थोडे जास्त गेले, बुरादा थोडा जास्त पडला, शाफ्ट वेळेत झाला. यानंतर मी चौकशी करताना आधी विचारतो तो प्रश्न हा, की माल आत्ता कुठे आहे: गाळ्यात, दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये, का अजून स्क्रॅपच्या ढिगात? दुसरा प्रश्न, सांगितलेले दिवस कधीपासून मोजायचे: फोनपासून, पी.ओ.पासून, का ॲडव्हान्स जमा झाल्यापासून? तिसरा, सर्टिफिकेट मालाबरोबरच येणार ना? आमच्या शेजारच्या ग्रुपला बार मिळाला होता, पण सर्टिफिकेटसाठी एका डीलरने त्यांना पंधरा दिवस रोज उद्याचा वायदा दिला. तोवर गाइड सर शाफ्टला हात लावू देईनात.

परत शेफील्डला जाऊ. १९१४ मध्ये आर. एफ. मोसली या सुऱ्यांच्या कारखान्यातले अर्नेस्ट स्टुअर्ट पुढे आले. स्टेनलेस हा शब्द त्यांचा. ब्रिअर्ली तोवर गंजरहित पोलादच म्हणत. पहिल्या सुऱ्या जमल्या नाहीत, तेव्हा ब्रिअर्ली स्वतः भट्टीपाशी उभे राहिले, तापमान सांभाळून घडवून घेतलं, आणि कापणाऱ्या सुऱ्या तयार झाल्या. माल पाठवून गप्प न बसता गिऱ्हाइकाच्या भट्टीपर्यंत जाणारा हा माणूस मला शोधापेक्षाही इथे जास्त आवडला.

सुऱ्यांची मागणी वाढू लागली आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. तापून लाल झालं तरी टिकणारं हे पोलाद विमानाच्या इंजिनांच्या व्हाल्वसाठी हवं झालं, आणि सुऱ्यांना मिळेनासं झालं. माल तयार करता येतो, गिऱ्हाईक दारात आहे, आणि तरी मिळत नाही, कारण भट्टी दुसऱ्या कामाला जुंपलेली. हा प्रकार बाजारात अजूनही होतो. मोठ्या कारखान्याची मोठी ऑर्डर मिलकडे गेली की लहान गिऱ्हाईक मागे सरकतं.

शोधाच्या हक्कावरून कंपनीशी बिनसलं. फर्थने पेटंट घेतलं नव्हतं आणि श्रेयही आपल्याकडेच ठेवायचं होतं. ब्रिअर्ली चिडून बाहेर पडले आणि १९१५ मध्ये शेफील्डमधल्याच ब्राउन बेलीज कंपनीत गेले. त्यांना थोडं जुळवून घेता आलं असतं का? आलं असतं कदाचित, पण बारा वर्षांच्या पोऱ्यापासून त्या कारखान्यात राबलेल्या माणसाला ते जड गेलं असणार. जॉन मॅडक्स यांच्या साथीने त्यांनी अमेरिकेत अर्ज केला आणि सप्टेंबर १९१६ मध्ये तिथलं पेटंट मिळवलं. हेन्स यांच्याशी तिथे वाद झाला, तो पुढे एकत्र कंपनी काढून मिटला. फर्थशीही १९१७ मध्ये तडजोड होऊन फर्थ-ब्रिअर्ली सिंडिकेट निघालं. त्यांच्या जुन्या लॅबमध्ये त्यांच्या जागी आलेल्या हॅटफील्ड यांनी १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेलचं पोलाद आणलं. आज ३०४ म्हणून गाळ्यागाळ्यात मिळतं ते याच घराण्यातलं.

१९२० मध्ये ब्रिअर्लींना आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटचं बेसेमर सुवर्णपदक मिळालं. १९४१ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं आणि त्याच वर्षी त्यांनी फ्रेशगेट नावाचा ट्रस्ट काढला, शेफील्डमधल्या साध्या घरातून आलेल्यांच्या मदतीसाठी. १४ जुलै १९४८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावी ते वारले, वय ७७.